परत केल्याची तारीख

कागद हरवल्याचं उघड झालं त्या सकाळी अण्णा दुधावर नजर ठेवून उभे होते. बायकोला जाऊन दोन महिने अकरा दिवस झाले होते आणि एवढ्या दिवसांत स्वयंपाकघरातली एकच गोष्ट ते शिकले होते, की दुधाकडे पाठ फिरवायची नाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि त्यांनी पाठ फिरवली.

"अण्णा, मी रेकॉर्ड रूममधून बोलतेय." फोनवर त्यांच्या जागी आलेली बाई होती. अण्णा निवृत्त झाले तेव्हा किल्ल्या त्यांनी तिच्याच हातात दिल्या होत्या. "स्कॅनिंगच्या आधी मोजदाद चाललीय. जुन्या मृत्युपत्रांच्या बस्त्यात सत्तेचाळीस नंबरचं प्रकरण जागेवर नाही. तिथे पट्टी आहे. पट्टीवर सही तुमची आहे."

"माझी?"

"तुमचीच की. खाली ती शेपटी आहे ना, ती दुसरं कोण काढतं? तारीख बावीस वर्षांपूर्वीची. परत केल्याची ओळ कोरी आहे."

मागे दूध उतू गेल्याचा वास आला. अण्णा हलले नाहीत.

"आठवत नाही बुवा," ते म्हणाले. "उद्या येऊन बघतो."

फोन ठेवल्यावर ते ओट्यापाशी गेले, गॅस बंद केला आणि फडकं शोधू लागले. फडकं समोरच होतं. त्यांना ते बराच वेळ दिसलं नाही. आठवत नाही म्हणून त्यांनी सांगितलं होतं खरं, पण त्या कागदाच्या कोपऱ्याला वाळवीने केलेलं भोकसुद्धा त्यांना आठवत होतं. आठवत नव्हती ती पट्टी. पट्टी ठेवल्याचं त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

ही पट्टी काय भानगड, ते आधी सांगायला हवं. अण्णांनी एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. जमिनींच्या नोंदवह्या, मोजणीचे नकाशे, परक्या राज्याच्या काळातली कोर्टाची प्रकरणं, सगळं कापडात बांधून, बस्त्यावर बस्ता रचून तिथे ठेवलेलं. त्यांचा एकच नियम होता. कागद जागेवरून उचलला की त्या जागी जाड पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची. पट्टीवर चार ओळी: काय काढलं, कोणी काढलं, कधी काढलं, परत केल्याची तारीख. चौथी ओळ भरल्याशिवाय पट्टी हलायची नाही. मोठ्या साहेबांनी फाईल मागितली तरी अण्णा आधी पट्टी पुढे करायचे. त्यामुळे ऑफिसात त्यांचं नाव पट्टीअण्णा पडलं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. एकतीस वर्षांत एक चिठोरं गहाळ झालं नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. निरोपाच्या भाषणात साहेबांनीही तेच सांगितलं होतं.

बायकोने तर ही पट्टी घरात आणली. लग्नानंतर वर्षभरात एकदा अण्णा ऑफिसला निघाले तर खुंटीवर छत्री नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लटकलेला. त्यावर तिच्या अक्षरात: "छत्री. तुमच्या बायकोने. आज सकाळी. पाऊस थांबला की." पुढे तिला छंदच लागला. साखरेच्या रिकाम्या डब्यात पट्टी: "साखर. मुंग्यांनी. काल. परत मिळायची आशा नाही." बहिणीकडे चार दिवस राहायला गेली तर उशीवर पट्टी. मूलबाळ नव्हतं, दोघांचंच घर. त्या घरात असले खेळ वर्षानुवर्षं चालले.

मग कधीतरी पट्ट्या बंद झाल्या. कधी, ते अण्णांनी लक्षात ठेवलं नाही. त्यांना वाटलं, वय झालं, हौस फिटली.

*

बायकोला आपल्या माहेरची वंशावळ काढायची होती. तिची आजी सांगायची, की माझी आई टेकडीवरच्या बंगल्यात जन्मली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. टेकडीवर तेव्हा मळेवाल्या साहेबाचा बंगला होता. साहेब परदेशातून एकटा आला, त्याने मळा वाढवला आणि तो इथेच मेला. त्याचं घर सांभाळायला एक बाई होती. तिला दोन मुलं झाली. कोणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या दोन मुलांतली थोरली मुलगी म्हणजे बायकोची पणजी.

पणजीचं नाव घरात माहीत होतं. पणजीच्या आईचं, म्हणजे त्या घर सांभाळणाऱ्या बाईचं नाव मात्र कोणालाच माहीत नव्हतं. बायकोने शाळेचे दाखले बघितले, जन्माच्या नोंदी बघितल्या. मृत्यूच्या नोंदवहीत तिला एक ओळ सापडली: "मळ्यावरची बाई, वय अंदाजे साठ, राहणार तांबटगल्ली." नाव तिथेही नव्हतं. त्या दिवशी ती घरी आली ती थेट पाय पसरून बसली.

"बघा हो," ती म्हणाली, "मेलेल्या म्हशीचीसुद्धा जरा जास्त चौकशी करतात."

तिने मोठ्या वहीत वंशावळीच्या चौकटी आखल्या होत्या. सगळ्यांत वर एकीकडे साहेब, एकीकडे रिकामी चौकट. चौकटीखाली तिने लिहून ठेवलं होतं: खापरपणजी.

"साहेबाने मृत्युपत्र केलं असणार," ती अण्णांना म्हणाली. "त्यात तिचं नाव असेल. तुमच्याच खोलीत असेल ते. बघता का?"

"रीतसर अर्ज कर," अण्णा म्हणाले. ते थट्टेने म्हणाले होते, पण तिने खरंच केला. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर म्हणाली, "साहेब, गरिबाचं एवढं काम करा. तुमच्या घरच्यांची ओळख आहे माझी." मागचे सगळे हसले. अण्णांनी अर्जावर शिक्का मारला.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

प्रकरण तासाभरात सापडलं. सत्तेचाळीस नंबर: मळेवाल्या साहेबाचं मृत्युपत्र, ते खरं असल्याबद्दल कोर्टाने दिलेला प्रोबेटचा हुकूम, आणि मालमत्तेची यादी. मृत्युपत्र साहेबाच्या भाषेत होतं, सोबत कारकुनाने केलेलं भाषांतर. अण्णांनी उभ्याउभ्याच वाचलं. बंगला आणि वरचा मळा साहेबाच्या पुतण्याला. आणि पुढे: "माझे घर सांभाळणारी बाई," इथे तिचं नाव होतं, "आणि तिची दोन मुले, जी माझी आहेत, यांस टेकडीखालची ओढ्यापर्यंतची जमीन, नंबर दोनशे बारा."

दोनशे बारा हा आकडा अण्णांनी पुन्हा एकदा वाचला. त्यांचं स्वतःचं घर दोनशे बारावर होतं. पणजोबांनी घेतलेली जागा, असं लहानपणापासून ऐकलेलं. मागच्या पायरीवर बसलं की समोर ओढा.

त्यांनी पान उलटलं. मागे कोर्टाच्या कारकुनाचा अहवाल जोडलेला होता. दोनच ओळी. "तपास केला. सदर बाई व मुले मिळून येत नाहीत." खाली सही. सहीच्या शेवटी शेपटी, आधी डावीकडे वळून मग खाली उतरणारी. अण्णांचे वडील तशीच काढायचे. अण्णा तशीच काढायचे. घरात चार पिढ्या कारकुनी आणि चार पिढ्या ती शेपटी. सही पणजोबांची होती.

मग त्यांनी जमिनीची नोंदवही काढली. साहेब मेल्यावर तीन वर्षांनी नंबर दोनशे बारा "बेवारस" म्हणून लिहिला गेला आणि त्याच पानावर, त्याच शाईत, एका बाईच्या नावावर चढला. ती बाई पणजोबांची बायको.

मिळून येत नाहीत म्हणे. तांबटगल्ली कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर होती. मृत्यूच्या नोंदीप्रमाणे ती बाई साहेबामागे अकरा वर्षं तिथे जगली. रोज पाण्याला जाताना कोर्टावरूनच जात असणार.

अण्णा त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता बसून राहिले. कागद फाडायचं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं आणि त्यांच्याच अंगावर काटा आला. पणजोबांनीही फाडला नव्हता. खोटं लिहिलं, जमीन घेतली, पण कागद बस्त्यात नीट लावून ठेवला. या घराण्यातली माणसं कागद फाडू शकत नव्हती. अण्णांनी प्रकरण उचललं आणि मागच्या रांगेत, हद्दीच्या दगडांच्या तक्रारींच्या एका बस्त्यात मधोमध सरकवलं. त्या बस्त्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावत नव्हतं. आणि मग, आता कळत होतं, त्यांचा हात सवयीने पट्टीकडे गेला असणार. चोरी करून माणूस पावती ठेवून येतो काय? पण वर्षानुवर्षं तेच केलेल्या हाताला कोण थांबवणार?

बायकोच्या अर्जावर त्यांनी लिहिलं: "शोध घेतला. कागद मिळून येत नाही." खाली सही, शेपटीसह.

तिने घरी आल्यावर अर्ज वाचला, घडी करून वहीत ठेवला. "तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नसणारच," ती म्हणाली. "दुसरा कोणी असता तर मी भांडले असते."

त्या काळात अण्णांची आई होती. सुनेला टोमणा मारायची तिला सवय. "माहेराहून काय आणलंस? वीतभर जमीन तरी होती का तुमच्याकडे?" बायको हसून कामाला लागायची. अण्णा पेपरात तोंड घालून बसायचे. तो टोमणा त्यानंतर त्यांनी निदान शंभरदा ऐकला असेल. एकदाही पेपर खाली ठेवला नाही.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा रेकॉर्ड रूममध्ये गेले. खोलीला नवा रंग दिला होता, लोखंडी कपाटं आली होती, एका कोपऱ्यात स्कॅनिंगचं यंत्र गुरगुरत होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पट्टी समोर ठेवली. पुठ्ठा पिवळा पडला होता. अक्षर त्यांचंच, नेहमीसारखं सरळ. काय काढलं: प्रकरण ४७. कोणी काढलं: रे. कीपर. तारीख. चौथी ओळ कोरी.

"अण्णा, खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "मी ही पट्टी पहिल्यांदा बघत नाहीये."

"म्हणजे?"

"काकू आल्या होत्या. चार वर्षं झाली. मृत्युपत्र मागितलं. मी बस्ता सोडला तर आत पट्टी. त्यांनी हातात घेतली, बराच वेळ बघितली. मी म्हटलं, काकू, ही तर अण्णांची. तर म्हणाल्या, हो गं, अक्षर ओळखते मी. मग म्हणाल्या, जमिनीची नोंदवही दाखव, ओढ्याकडची. मी दाखवली."

अण्णांनी टेबलाची कड धरली. "सगळी?"

"सगळी. दोनशे बाराचं पान, वर साहेबाचं नाव आणि खाली तुमच्या घरचं, त्यांनी दोनदा वाचलं आणि हसायला लागल्या. मला काही कळेना. म्हणाल्या, 'सासूबाई जन्मभर विचारत होत्या, माहेराहून काय आणलंस. बघ गं, आख्ख्या घराखालची जमीन आणली होती मी.' हसल्या म्हणजे काय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या."

यंत्र गुरगुरत होतं. अण्णांना वाटलं, ते जरा मोठ्याने गुरगुरेल तर बरं.

"मी म्हटलं, काकू, प्रकरण बाहेर आहे तर मला गहाळ म्हणून नोंद करावी लागेल. तर माझा हात धरला त्यांनी. 'नको. आणून ठेवतील ते. त्यांना थोडा वेळ दे.' म्हणून मी गप्प राहिले. आता मोजदाद आलीय अण्णा. आता मला गप्प राहता येत नाही."

चार वर्षं. चार वर्षं ती समोर बसून जेवली. औषधाच्या गोळ्या मोजून घेतल्या. अण्णांना एक संध्याकाळ आठवली. दोघं मागच्या पायरीवर बसलेले आणि ती अचानक म्हणाली, "इथून ओढ्यापर्यंत किती असेल हो?" अण्णांना ते वीतभर चुकणार नाही इतकं नेमकं माहीत होतं. ते म्हणाले, "कधी मोजलं नाही." तिने पायरीवरचा पाचोळा झटकला. मग म्हणाली, "मोजा कधीतरी." आणि आत गेली. घरातल्या पट्ट्या कधी बंद झाल्या, त्याचं वर्ष आता त्यांना बरोबर लागलं.

"कुठे आहे तो कागद?" बाईंनी विचारलं.

"हद्दीच्या दगडांच्या तक्रारी. मागची रांग, खालून तिसरं फडताळ," अण्णा म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती रांग आता आहे कुठे? दोन वर्षांपूर्वी छत गळलं तेव्हा ती सगळी खोली रिकामी केली. हमालांनी बस्ते सोडून कापडं वेगळी केली आणि कागद हाताला येतील तसे खोक्यांत भरले. बाजारामागच्या गोदामात आहेत. तीनशे ऐंशी खोकी. एकावर नंबर नाही."

अण्णा पट्टीवरच्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिले.

"बरं, नाव तरी सांगा," बाई म्हणाल्या. "त्या बाईचं. तुम्ही वाचलं होतंत ना? काकूंना जमीन नको होती हो. मला म्हणाल्या, एक नाव मिळालं की झालं माझं."

अण्णांनी डोळे मिटले. पान समोर उभं राहिलं. वाळवीचं भोक. नंबर दोनशे बारा. क्षेत्र. चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस मळ्याचा बांध, दक्षिणेस गायरान. दोन साक्षीदारांच्या सह्या. पणजोबांची शेपटी. सगळं तोंडपाठ. "माझे घर सांभाळणारी बाई," आणि त्यापुढे नाव होतं, निळसर शाईत, तीन अक्षरी की चार अक्षरी. त्या दिवशी त्यांची नजर तिथून जमिनीच्या नंबरावर गेली होती, ती परत वर आलीच नव्हती.

"नाही आठवत," ते म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. रागावल्या असत्या तर अण्णांना सोसलं असतं.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे केला.

अण्णांनी लिहिलं. जन्मभर असलेच कागद लिहिले होते, हात सरसर चालला. "सदर प्रकरण अन्य बस्त्यात ठेवले गेल्याने जागेवर आढळून आले नाही." बाईंनी वाचलं आणि परत दिलं.

"अण्णा, हे काय? याच्यात तुम्ही कुठे आहात?"

दुसऱ्या कागदाला अर्धा तास लागला. त्यात त्यांनी लिहिलं, की प्रकरण मी लपवले, माझ्या बायकोच्या अर्जावर मी खोटा शेरा मारला, माझे राहते घर ज्या जमिनीवर आहे ती माझ्या पणजोबांनी खोटा शेरा मारून घेतली होती. सही केली. शेपटी काढायला हात वळला, तो त्यांनी उचलून घेतला. सही भुंडी दिसत होती.

*

वही कपाटात वरच्या कप्प्यात होती. आजारपणात बायकोने सांगितलं होतं, "ती वही माझ्या बहिणीला द्या. पण आधी तुम्ही बघा." मेव्हणीचा दोनदा फोन येऊन गेला होता; तिच्या मुलीला मुलगी झाली होती आणि तिच्यासाठी तिला वंशावळ सुंदर अक्षरात लिहून घ्यायची होती. अण्णांनी दर वेळी काहीतरी सबब सांगितली. वही उघडायची त्यांची छाती होत नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी उघडली. सगळ्या चौकटी भरल्या होत्या. कडेला जन्मसाल, कुठून कळलं ते, कोणत्या नोंदवहीत. बायको अक्षर त्यांच्याच वळणाचं काढायची, लग्नानंतर शिकली होती. शेवटच्या पानावर, साहेबाशेजारच्या चौकटीत, पुठ्ठ्याची एक लहानशी पट्टी चिकटवलेली होती.

काय काढलं: नाव. कोणी काढलं: आमच्या ह्यांनी. कधी काढलं: आणि ती बावीस वर्षांपूर्वीची तारीख, अचूक. परत केल्याची तारीख: तिथे काही नव्हतं. पण ओळ आखलेली होती. फूटपट्टीने, नीट, भरायला जागा सोडून.

अण्णा वही मांडीवर घेऊन बसले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. तोंड कुठे लपवावं असं झालं आणि घरात तर कोणीच नव्हतं.

*

रविवारी मेव्हणी आली. आल्या आल्या तिने दुधाचं भांडं बघितलं.

"भाऊजी, हे दूध आहे की डांबर? ताई असती तर तुम्हालाच घासायला बसवलं असतं."

"घासलं मी. निघत नाही."

"सरका." तिने भांडं ओढलं आणि घासायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "वही काढून ठेवलीय ना? त्या रिकाम्या चौकटीचं काय करायचं, तेवढं ठरवू. मी म्हणते, नुसतं 'खापरपणजी' लिहू. कागदच नाही म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार?"

सांगायची वेळ हीच होती. अण्णांनी घसा साफ केला. सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. मी लपवला, ही जागा तुम्हा बहिणींची आहे.

"कागद आहे," ते म्हणाले.

तिच्या हातातला काथ्या थांबला. "काय?"

"आहे. म्हणजे... ऑफिसात जागा बदलली, त्या गोंधळात कुठल्या तरी खोक्यात गेलाय. मी शोधतोय. परवापासून गोदामात जातोय."

जे बोलले त्यात शब्दागणिक थोडं थोडं खरं होतं, आणि सगळं मिळून खोटं होतं. मेव्हणी ओल्या हातांनीच वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही? या वयात, त्या धुळीत? ताईसाठी?" ती म्हणाली. "भाऊजी, देवमाणूस आहात हो तुम्ही. ताई उगीच नव्हती म्हणत."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, आमचे हे उशिरा करतात, पण करतात."

अण्णांना खाली बसावं लागलं. तिने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, दम लागला असेल म्हणाली. ते पाणी त्यांनी पूर्ण प्यायलं. जाताना ती वही मागू लागली तेव्हा ते म्हणाले, नाव लिहूनच देतो. पट्टी तिने बघू नये म्हणून ते असं म्हणाले. दरवाजापर्यंत तिला सोडायला गेले आणि तिथेही काही बोलले नाहीत.

*

गोदाम बाजाराच्या मागे आहे. अकरा ते चार बसायची परवानगी बाईंनी मिळवून दिली, आणि एक अट घातली, की प्रत्येक खोक्याच्या जागी पट्टी ठेवायची. अण्णा तोंडाला रुमाल बांधून बसतात. कागद एकेक करून उलटतात. कोणाचा हद्दीचा दगड शेजाऱ्याने रात्रीत हलवला, कोणाची बैलगाडी दगडाला धडकली, सव्वाशे वर्षांपूर्वीची भांडणं. नावंच नावं. आता ते प्रत्येक नाव थांबून वाचतात, भांडणाऱ्याचं, साक्षीदाराचं, अंगठा उठवणाऱ्या बाईचंही. त्यामुळे दिवसाला दोनच खोकी होतात.

ऑफिसने त्यांचा जबाब वरच्या साहेबांकडे पाठवला आहे. तिकडून अजून काही आलेलं नाही. दोनशे बाराचं काय करायचं, ते विचारायला अण्णा एकदा वकिलाकडे जाऊन आले. वकील म्हणाला, मूळ मृत्युपत्र हातात आल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही.

आज चौसष्ट खोकी झाली. तीनशे सोळा उघडायची आहेत. त्या बाईचं नाव मिळालेलं नाही. मेव्हणीला खरं सांगायचं राहिलं आहे.